एका आठवड्यात पाच कार्यक्रम, पाच ड्रेसकोड. साड्या, ड्रेस आणि कुरळे केस कसे जमवू?

लातूरची_पुण्यात

नमस्कार. लग्न होऊन आठ महिने झाले, तेव्हापासून पुण्यात आहे. ऑफिस बाणेरला. डिसेंबरच्या एकाच आठवड्यात पाच ठिकाणी जायचंय आणि प्रत्येक आमंत्रण वेगळंच काही सांगतंय.

बुधवारी ऑफिसचं वार्षिक डिनर, कोरेगाव पार्कातल्या हॉटेलात. मेलमध्ये 'कॉकटेल अटायर' लिहिलंय. गुरुवारी सासूबाईंबरोबर सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला. तिथे कोणी काही लिहून दिलेलं नाही, पण त्यांच्या सगळ्या मैत्रिणी मला पहिल्यांदाच बघणार आहेत. शनिवारी टीममधल्या मैत्रिणीचं लग्न, कर्वेनगरच्या कार्यालयात, मुहूर्त सकाळी 11 वाजून 40 मिनिटांचा, पत्रिकेत 'पारंपरिक पोशाख'. त्याच संध्याकाळी लॉनवर रिसेप्शन, तिथे 'इंडो-वेस्टर्न'. आणि रविवारी नवऱ्याच्या मित्राचे वडील फौजेतून निवृत्त होतायत, त्यांचं रात्रीचं जेवण वानवडीकडच्या मेसमध्ये. कार्डावर 'लाउंज सूट' एवढंच. ते नवऱ्याचं झालं, मी काय घालू?

माझ्याकडे आईच्या लग्नातली पैठणी आहे, वांगी रंगाची, सहावारी, 29 वर्षांची. एक इरकल, एक काळी क्रेपची साडी, गुडघ्याच्या जरा खाली येणारा नेव्ही ब्लू ड्रेस आणि एक खणाचं जॅकेट. खर्चाला फार तर 5,000 रुपये. केस खांद्यापर्यंत, दाट आणि कुरळे.

एवढं तपशिलात विचारण्याचं कारण म्हणजे मे महिन्यातली एक मुंज. बिनबाह्यांचा लेहंगा घातला होता, पार्लरमध्ये केस सरळ करून घेतले होते. मातृभोजन होईपर्यंत केस फुलून आले. जेवायला पंगत होती, लेहंग्यात धड मांडी घालता येईना. सगळा वेळ ओढणी सावरण्यात गेला. वर उजवीकडची एक बट इस्त्रीने भाजून तुटली, ती अजून वाढतेय. पुन्हा तसं व्हायला नको आहे.

कॅम्पातला_शिंपी

ताई, आधी तुमच्या मिस्टरांचं सांगतो. 31 वर्षं कोट शिवतोय, निम्मी गिऱ्हाइकं फौजेतली. लाउंज सूट म्हणजे एकाच कापडाचा गडद कोट-पँट आणि टाय. कोट एका कापडाचा, पँट दुसऱ्या, त्याला ते लोक कॉम्बिनेशन म्हणतात, ते इथे नको. चमकत्या कॉलरचा टक्सिडोही नको, तो कार्डावर 'ब्लॅक टाय' लिहिलेलं असेल तेव्हा. बंदगळा घालायचा विचार असेल तर मित्राला एकदा विचारून घ्या.

लग्नातला सूट असेल तर तोच घाला, नवा शिवू नका. फक्त कोटाच्या पाठीकडची खालची चीर बघा. तिथे दोऱ्याची फुली असते. ती कच्ची शिलाई, ती उसवायची असते. बाहीवरचं कंपनीचं लेबलही काढायचं. दर लग्नसराईत मी कितीतरी मुलांना बाजूला घेऊन ती फुली कात्रीने काढून देतो. दोन बटणांचा कोट असेल तर खालचं बटण कधीच लावायचं नाही, बसताना वरचंही सोडायचं. बंद चामडी बूट, गडद मोजे, पट्टा बुटांच्याच रंगाचा. आणि साडेसात लिहिलं असेल तर साडेसातला दारात हजर राहा. तिथे वेळ पाळतात.

नेसवते_मी

अगं, पाचही ठिकाणचं सामान तुझ्या कपाटातच आहे. 5,000 तले निम्मेही लागायचे नाहीत.

मी नारायण पेठेत राहते. 24 वर्षं लग्नाकार्यांत साड्या नेसवते आणि केस करते. पत्रिकेवरचा शब्द मी सगळ्यात शेवटी वाचते. आधी विचारते, बसायचं कशावर, खायचं कसं, जायचं कशाने आणि किती तास थांबायचं. त्यावर कपडा ठरतो. मग ब्लाउजचा गळा बघायचा आणि त्या गळ्यावरून केस ठरवायचे. मुली आधी फोटोतली केशरचना पसंत करून येतात, आणि बंद गळ्यावर मोकळे केस आले की मान दिसेनाशी होते. तुझा लेहंगा वाईट नसणार, पण तो मांडी घालून बसायचा कपडा नाही. आणि कुरळे केस इस्त्री करून मे महिन्याच्या घामात टिकत नाहीत, हे त्या पार्लरने तुला आधीच सांगायला हवं होतं. यात तुझं काही चुकलेलं नाही.

शनिवारची सकाळ आधी घेते, कारण तिला तयारी लागते. पैठणी आज रात्रीच बाहेर काढ. सगळी उलगडून घडीच्या रेघा ट्यूबलाइटसमोर धर. एकाच घडीत वर्षानुवर्षं राहिलेलं रेशीम घडीवरच चिरतं. रेघेतून उजेड दिसला तर मला इथे सांग, तशीच नेसू नकोस. धड असेल तर दोन तास सावलीत पसरून ठेव आणि उलट्या बाजूने, वर सुती कापड घालून, कोमट इस्त्री फिरव. पदरही उलटा करून बघ. हातमागावरची असेल तर मागूनसुद्धा मोर पुढच्याइतकेच स्वच्छ दिसतात, दोरे लोंबत नाहीत. तशी असेल तर पिना फार जपून. खांद्याच्या पिनेत आधी एक बारीक मोती ओवायचा आणि मग ती पदरात घालायची. मोती वेटोळ्यापाशी जाऊन बसतो, त्यामुळे जर त्यात अडकत नाही. 2006 साली एका नवरीच्या आजीच्या पैठणीची जर माझ्या डोळ्यांसमोर अशी अडकून टरकली. त्या आजी काही बोलल्या नाहीत, नुसता त्या जागेवरून हात फिरवत राहिल्या. तेव्हापासून माझ्या डबीत मोती असतातच. अत्तर लावायचं तर साडी नेसायच्या आधी, अंगाला. जरीवर उडालं की जर काळवंडते.

आईचं ब्लाउज घट्ट होत असेल तर नवं शिवायला टाकायच्या आधी कुशीतली शिलाई बघ. जुने शिंपी दोन्हीकडे भरपूर माया, म्हणजे शिलाईच्या आत जादा कापड, सोडायचे. उसवून एक शिलाई बाहेर घेतली की झालं. चप्पल जी घालणार तीच घालून साडी नेस, नाहीतर उंची चुकते आणि काठ जमिनीवर लोळतो.

या साडीवर मानेलगतचा अंबाडा. दिसतो छान हे आहेच, पण मुख्य कारण अक्षता. मोकळ्या कुरळ्या केसांत तांदूळ अडकले की संध्याकाळपर्यंत निघत नाहीत. केस शुक्रवारी धू, शनिवारी नको. ताज्या धुतलेल्या केसांवरून आकडे घसरतात. मधला भांग, मागे खाली पोनी, तिचं वेटोळं, वर जाळी आणि सहा-सात यू आकडे. आकडा सरळ खुपसायचा नाही. आधी बाहेरच्या बाजूला तोंड करून अंबाड्याच्या कडेचे थोडे केस उचलायचे, मग तो उलटा वळवून रबराच्या दिशेने आत सरकवायचा. असा घातलेला आकडा फुगडी घातली तरी हलत नाही. तुझ्या केसांना तर तो आणखी घट्ट धरतो, सरळ केसांच्या मुलींना मला दुप्पट आकडे लागतात. तुटलेली बट जेलने चिकटवू नकोस, कानापुढे तशीच सोड. कुरळ्या केसांत ती मुद्दाम काढल्यासारखी दिसते.

स्कूटरवर जाणार असशील तर अंबाडा घरून घालून निघू नकोस, हेल्मेटखाली चेपतो. घरून वेणी घालून जा. कार्यालयात पोचलीस की तीच वेणी गुंडाळ, जाळी, आकडे, पाच मिनिटांचं काम. डिसेंबरात मोगरा कमी असतो आणि महाग, त्याच्या मागे लागू नकोस. अबोलीचा गजरा घे. वास नसतो तिला, पण वांग्या रंगावर ती अशी काही उठते की बाकी फुलं नकोत. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ तुळशीबागेत मिळते. आकडे, जाळी तिथेच घे.

संध्याकाळी त्याच अंबाड्यातली वेणी सोड आणि नुसती बोटं फिरव. कंगवा लावलास तर सगळं फिसकटेल. वळणं आपोआप बसलेली असतात. दोन्ही कानांवरचे केस मागे घेऊन एक चाप लाव, बाकी मोकळे. कपडा म्हणजे इरकल आणि वरून खणाचं जॅकेट, पदर जॅकेटच्या आतून काढून समोर खोचायचा. नेव्ही ड्रेस तिथे नको, तीच ऑफिसची माणसं बुधवारी तो बघून झालेली असतील. लॉनवर टोकदार टाचा मातीत रुततात, कोल्हापुरी घाल. आणि शाल ने, दिवेलागणीनंतर गवतावर गारठा पडतो.

बुधवारी नेव्ही ड्रेस. ऑफिसचा कडक पोशाख आणि पायघोळ गाऊन यांच्या मधलं जे असतं ते कॉकटेल, गुडघ्याच्या आसपासचा ड्रेस त्यात चपखल बसतो. तिथे बसायचं नसतंच, हातात ताटली घेऊन दोन-तीन तास उभं राहायचं असतं, म्हणून पर्स साखळीची, खांद्याला अडकणारी. लांब कानातले, गळा मोकळा, केस मोकळे.

सवाईला मी तो रमणबागेत व्हायचा तेव्हापासून जाते, आता मुकुंदनगरला. भारतीय बैठकीवर बसणार असाल तर तासन् तास मांडी. इरकलच नेस, पण आत परकर सुती घाल. सॅटिनचा घसरतो आणि निऱ्या सुटत जातात. काचेच्या बांगड्या नकोत. आलाप चालू असताना एकीने पदर सारखा केला तरी चार रांगांना किणकिण ऐकू येते, मला त्याचा फार त्रास होतो. केस खाली बांधायचे, उंच अंबाडा घातलास तर मागच्याला कलाकार दिसत नाही. सासूबाईंच्या मैत्रिणी हेच बघतील बघ, साडी कितीची आहे ते नाही.

रविवारी काळी क्रेप. पदराच्या निऱ्या नीट पिन-अप, ब्लाउज बंद पाठीचं, मोत्यांची एक माळ किंवा तन्मणी, केस मागे बांधलेले, फुलं नकोत.

कुरळेच_बरे

मावशींचं सगळं पटलं, एका गोष्टीत भर घालते. शुक्रवारी धुणं अंबाड्यासाठी ठीक, पण बुधवारी केस मोकळे सोडायचे आहेत तर त्याच दिवशी सकाळी धू. कुरळे केस ताजेच चांगले दिसतात. ओले असतानाच कंडिशनर लावून जुन्या सुती टी-शर्टने दाबून पाणी टिप, टॉवेलने घासू नको. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. रात्री सॅटिनची उशी. भाजलेल्या बटेवर निदान सहा महिने गरम काहीही फिरवू नकोस. माझी अशीच गेली होती, परत वळण धरायला जवळपास वर्ष लागलं.

लातूरची_पुण्यात

काल रात्री दोघांनी मिळून पैठणी उलगडली. उजेड दिसला, एकाच रेघेत, बोटभर. ब्लाउजच्या कुशीत सव्वा इंच माया निघाली, मावशी! आई फोनवर म्हणाली, तिच्या शिंप्याने तेव्हाच सांगितलं होतं, "पोरीला होईल." पण साडीचं काय करू? आणि नवऱ्याच्या कोटावर फुली होती. लग्नात पूर्ण दिवस तो तसाच वावरला.

अजून एक. सासूबाई म्हणतायत काळी साडी आत्ता नको, संक्रांतीला नेस.

नेसवते_मी

चीर कुठे आहे ते बघ. खोचायच्या टोकाकडे असेल तर रफूवाल्याकडून मागून त्याच रंगाचं नेट लावून घे आणि नेस, कमरेला जरा सैल. पदरात किंवा निऱ्यांच्या मधोमध असेल तर या वेळी राहू दे. नेटवर ती आणखी वीस वर्षं निघेल, पण आधी काम होऊ दे. नेसून झाली की पुढच्या वेळी घडी मोडून वेगळ्या जागी घाल, मलमलच्या कापडात.

काळ्याबद्दल सासूबाईंशी वाद घालू नकोस. तुझी पहिली संक्रांत आहे, त्यांच्या मनात नवी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने असणार. फक्त विचार त्यांना, मेसच्या जेवणाला नेसली तर चालेल का. शुभकार्य नाही ते, निरोपाचं जेवण आहे.

लातूरची_पुण्यात

रविवारची रात्र, आत्ताच मेसमधून आलो. चीर खोचायच्या टोकाकडेच होती, कुमठेकर रस्त्याजवळ एका काकांनी दोन दिवसांत नेट लावून दिलं. कार्यालयात वेणी गुंडाळताना शेजारच्या दोन मुलींनी आकडा कसा वळवायचा ते माझ्याकडून शिकून घेतलं. अक्षता पदरात पडल्या, केसांत एकही नाही. फोटो बघून आई बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "अबोली मीही माळली होती त्यावर."

काळीला परवानगी मिळाली. चंद्रकळा सासूबाईंनी दिवाळीतच घेऊन ठेवली होती.

मावशी, सवाईत त्यांच्या एका मैत्रिणीने विचारलं, केस कोणी बांधले. त्यांच्या नातीचं फेब्रुवारीत लग्न आहे, नऊवारी नेसवून हवी आहे. तुम्हाला निरोप केलाय, बघाल का?