पाटीवर ‘स्टेशनरी’: ए-आर-वाय की ई-आर-वाय?

प्रश्न: पंचवटीत दुकानाची पाटी करायची आहे. इंग्रजी ‘स्टेशनरी’च्या शेवटी ए-आर-वाय की ई-आर-वाय? स्पेलचेकर दोन्ही बरोबर दाखवतो. खाली लायसन्स नंबरही हवा. त्यात सी की एस?

उत्तर १: वह्या-पेनांची ती ई-आर-वाय. ‘ए’वाला शब्द म्हणजे एका जागी स्थिर, मेनरोडवर अडकलेल्या रिक्षेसारखा. दोन्ही शब्द कोशात आहेत, म्हणून लाल रेघ येत नाही. खूण: एन्व्हलपचा ई. मूळ मात्र एकच. फेरीवाल्यासारखं न हिंडता एका जागी बसून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर, त्याचा माल ती स्टेशनरी.

उत्तर २: लायसन्समधला पहिला सी कायम. शेवटी ब्रिटिश पद्धतीत नामाला सी-ई, क्रियापदाला एस-ई. पाटीवर नाम आहे, म्हणजे सी-ई. अमेरिकेत दोन्हीकडे एस. शंका आली तर ॲडव्हाइस-ॲडव्हाइझ म्हणून पाहा: नामाचा ‘स’ आणि क्रियापदाचा ‘झ’ कानालाच कळतो. प्रॅक्टिसलाही हाच ब्रिटिश नियम. तिथे अमेरिकन मात्र दोन्हीकडे सी लिहितात.

उत्तर ३: पेंटरला तोंडी सांगू नका, कॅपिटलमध्ये लिहून द्या. दोन्ही ‘स्टेशनरी’ दहा अक्षरीच, मोजून चूक सापडत नाही. आठवं अक्षर तपासा.