शब्दचर्चा : फोटोतले 'बालवीर'

शाळेच्या जुन्या फोटोंखाली ओळी लिहायचं काम सध्या माझ्या गळ्यात पडलंय. एका फोटोत खाकी अर्ध्या चड्डीतली वीसेक मुलं काठ्या धरून ताठ उभी आहेत आणि पुढच्या पाटीवर खडूने लिहिलंय, 'बालवीर पथक, १९४६'. भाचीने ते वाचलं आणि विचारलं, "मामा, या सगळ्यांना शौर्य पुरस्कार मिळाला होता?"

तिचं काही चुकलं नाही. आज बालवीर म्हटलं की शौर्य पुरस्काराच्या बातमीत पेपरात झळकणारं, विहिरीत पडलेल्या भावंडाला वाचवणारं पोर डोळ्यांसमोर येतं. फोटोतली पोरं मात्र साधी बॉय स्काऊट आहेत. मुलींना तेव्हा 'वीरबाला' म्हणत. माझी अडचण अशी की स्काऊट म्हणजे टेहळ्या. टेहळ्याचा वीर कसा झाला? आणि ओळीत आता काय लिहू, बालवीर की स्काऊट? जाणकारांनी सांगावं.

*

टेहळणीच्याही मागे जा. इंग्रजी 'स्काऊट' हा जुन्या फ्रेंचमधल्या 'ऐकणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आला आणि त्याचं मूळ लॅटिनमध्ये. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात त्याला 'ऑस्कल्टेशन' म्हणतात, तो याच कुळातला शब्द. म्हणजे स्काऊट हा मुळात डोळ्यांचा नव्हे, कानांचा माणूस. आपल्याकडे याला नेमका जोड आहे तो 'कानोसा घेणे'. दाराआड उभं राहून, श्वास रोखून, पलीकडे काय चाललंय ते टिपणं. स्काऊटला 'कानोशा' म्हटलं असतं तर व्युत्पत्तीच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर झालं असतं. पण त्या नावाच्या पथकात एकही आई पोराला घालणार नाही, हेही खरं.

बाकी सैन्यातला अर्थ उघडच आहे. स्काऊट चळवळीचे संस्थापक, ब्रिटिश सेनाधिकारी बेडन-पॉवेल यांचं १८९९ चं पुस्तक सैनिकांसाठीच होतं, शत्रूच्या मुलखात शिरून बातमी कशी काढायची याबद्दल. मग दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मॅफेकिंगचा वेढा पडला. त्यात पोरांनी निरोप्यांची कामं केली आणि मुलांवर जबाबदारी टाकली की ती पेलतात हे त्यांनी पाहिलं. १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीस मुलांचं शिबिर झालं, १९०८ मध्ये मुलांसाठीचं पुस्तक आलं. काम बदललं, नाव तेच राहिलं.

*

हिंदीने नाव जपलं की! तिकडे स्काऊटला 'बालचर' म्हणतात. 'चर' म्हणजे फिरणारा, आणि राजनीतीत सरळसरळ हेर. गुप्तचरातला चर तोच. मराठीला हा मार्ग खुला होता. हेर होता, टेहळ्या होता, बहिर्जी नाईकांच्या काळचा जासूद होता. त्यातला एकही घेतला नाही.

का घेतला नाही, याचा माझा तर्क सांगतो. ही चळवळ भारतात १९०९ मध्ये बंगळूरला सुरू झाली ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय पोरांना दारं बंद. टेहळणी, खुणा, वाट काढणं हे सगळं शिकून उद्या आपल्यावरच उलटतील ही सरकारला धास्ती. मग आपल्या लोकांनी आपापली पथकं काढली. १९१७ मध्ये मद्रासला अ‍ॅनी बेझंट आणि त्यांचे सहकारी अरुंडेल यांनी, १९१८ मध्ये अलाहाबादला मालवीय, कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीतर्फे. अशा दिवसांत गल्लीगल्लीत पोलिसांचे खबरे फिरत असताना तुम्ही पोराच्या छातीवर 'हेर' अशी पट्टी लावाल? सरकारला संशय येणार आणि शेजाऱ्यांना त्याहून जास्त. 'वीर' कसा सगळ्यांना चालण्यासारखा. सरकारला वाटावं आज्ञाधारक शिपाई, घरच्यांना वाटावा मावळा.

*

तर्क आवडला, पण 'वीर' फुकट मिळाला नाही. त्यापायी अर्थ फुगला. स्काऊटकडून अपेक्षा काय असते? रोज एक सत्कृत्य, तेही गवगवा न करता. म्हातारीची पिशवी उचलून देणाऱ्याला वीर म्हणायचं, तर मग वीराला काय म्हणायचं? भाचीचा गोंधळ तिथूनच सुरू झालाय.

आता 'वीरबाला' पाहा. वरवर नुसती उलटापालट वाटते, पण समासात मुख्य पद शेवटी असतं. बालवीर हा आधी वीर, वयाने बाल. वीरबाला ही आधी बाला, आणि मग तिचं विशेषण वीर. मुलगा वीर आहेच, मुलीला मात्र ते लावावं लागतं. कोणी मुद्दाम केलं असेल असं म्हणत नाही. 'बालवीरा' किंवा 'बालवीरांगना' जिभेवर बसलं नसतं, एवढंच.

इंग्रजीतही मुलींचं नाव वेगळं पडलंच. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्यात मुली आपणहून स्काऊट म्हणवत हजर झाल्या. त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी 'गर्ल गाईड' आलं, आणि ते नाव गेलं आपल्याच बाजूने. वायव्य सरहद्दीवर पेशावरला १८४६ मध्ये उभी राहिलेली 'कोअर ऑफ गाईड्स' नावाची पलटण, तिच्यावरून बेडन-पॉवेल यांनी ते उचललं. १९११ मध्ये जबलपूरला पहिलं गाईड पथक निघालं, म्हणजे शब्द समुद्रापार जाऊन पासष्ट वर्षांनी घरी आला. मराठीत त्याला सरळ 'वाटाड्या' आहे. पण आपल्या पोरींना गाईड म्हटलं की दहावीचं गाईडच आठवतं.

*

एका शब्दावरून ही चळवळ फुटली होती, ते कोणी काढलंच नाही अजून. १९३७ मध्ये दिल्लीला जांबोरी, म्हणजे स्काऊटांचा मोठा मेळावा, झाली (हो, वरळीच्या मैदानाच्या नावातला तोच शब्द). त्यानंतर बेडन-पॉवेल असं बोलून गेले की भारतीयांच्या भाषेत 'ऑनर'ला शब्दच नाही. स्काऊटची प्रतिज्ञा सुरू होते तीच या शब्दावर! देशभर संताप उसळला आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन वेगळी झाली.

शब्द नाही म्हणे. अब्रू, इभ्रत, इज्जत, मान, पत, शील, आब, प्रतिष्ठा. आमची आजी तर नुसतं 'नाक' म्हणायची. खरी गंमत उलटी आहे. यातला एकही शब्द 'ऑनर'वर चपखल बसत नाही, कारण अब्रू दुसऱ्याच्या नजरेत असते, ती जाते, कोणी घेतं, कोणी राखतं. प्रतिज्ञेतला ऑनर आपला आपल्यापाशी असतो, कोणी बघत नसतानाही. हिंदी प्रतिज्ञेत 'मर्यादापूर्वक' असं घेतलंय. हिंदीत त्याला मर्यादापुरुषोत्तमाचं वजन आहे. मराठीत मर्यादा म्हणजे आधी मोठ्यांपुढे खाली घातलेली मान, नाहीतर रस्त्यावरची वेगमर्यादा. मला विचाराल तर 'शील' सगळ्यांत जवळचा. तो कोणी काढून घेऊ शकत नाही.

*

शब्द गंभीर झाले, थोडे हलके घ्या. स्काऊटने मराठी शाळेला दिलेला सगळ्यांत जिवंत शब्द म्हणजे 'खरी कमाई'. ठरलेल्या दिवशी मुलांनी स्वतः काम करून, काही विकून पैसे मिळवायचे. मी सहावीत भेळेचं टेबल लावलं होतं. कुरमुरे आईचे, चिंचेची चटणी आईची, कांदा चिरला बहिणीने, आणि निम्मी भेळ उधारीवर वर्गातल्यांनी खाल्ली. संध्याकाळी हिशेब मांडला तेव्हा बाबा म्हणाले, "कमाई झाली रे, आता यातली खरी कुठली ते शोध." आमच्या घरात अजूनही पगार झाला की कोणीतरी विचारतंच, खरी कमाई किती?

'कब-बुलबुल' ही लहान मुलामुलींच्या गटांची जोडीही अशीच, अर्थ न कळता तोंडात बसलेली. मुलगा लांडग्याचं पिल्लू आणि मुलगी पक्षी. पिल्लांच्या म्होरक्याला 'अकेला' म्हणतात, तो किपलिंगच्या 'जंगल बुक'मधल्या गोष्टीतला लांडगा. ती गोष्ट घडते सिवनीच्या जंगलात, नागपूर-जबलपूर रस्त्यावर. बुलबुलांच्या थव्याला 'फ्लॉक' म्हणतात. थवा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं कोण जाणे.

*

मूळ प्रश्न अजून लोंबकळतोय, ओळीत काय लिहायचं. 'बालवीर'च ठेवा. ७ नोव्हेंबर १९५० ला स्काऊटच्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स अँड गाईड्स झाली, १५ ऑगस्ट १९५१ ला गर्ल गाईड्सही त्यात आल्या. नावात इंग्रजी शब्द कायम राहिले, १९६० नंतर राज्याच्या संघटनेनेही तेच चालवले, आणि बालवीर हळूहळू शौर्य पुरस्काराकडे सरकला. पण तुमचा फोटो १९४६ चा, म्हणजे संघटना निराळ्या असतानाचा. 'भारत स्काऊट' लिहाल तर चारेक वर्षं आधी लिहाल. 'बालवीर' कुठल्याही गटाला लागू पडतो. कंसात फक्त 'स्काऊट' टाका, म्हणजे भाचीसारख्यांची सोय होईल.

आणि एक विचारायचं राहिलं. १९४६ चा फोटो काळा-पांढरा असणार. चड्डी खाकी आहे हे कशावरून कळलं?

*

सापडलो. फोटो काळा-पांढराच आहे. रंग माझ्या डोक्यातला, मी स्वतः शाळेत खाकीच घालत होतो. आता पुन्हा पाहिलं तर चड्ड्या एका छटेच्याही नाहीत, तिघांच्या चक्क पांढऱ्या दिसतात, बहुधा घरच्याच. तेवढ्यात शोधताना कळलं, हिंदुस्थानच्या फौजेत खाकी पहिल्यांदा घातली ती त्याच पेशावरच्या गाईड्स पलटणीने. खाक म्हणजे धूळ, माती. त्या रंगात माणूस मुलखात मिसळून जावा म्हणून.

ओळ अशी लिहिली आहे : 'बालवीर (स्काऊट) पथक, १९४६'. भाचीला दाखवली. ती म्हणाली, "मग यातल्या कोणालाच पुरस्कार नाही?"