'बर्फाचा गाभा' म्हणावं का?

तापीकाठ: रावेर भागातल्या शाळेत नववीच्या मुलांसाठी भित्तीपत्रक करतेय. अंटार्क्टिकात पोकळ ड्रिल फिरवत बर्फाचा दंडगोल काढतात, प्रयोगशाळेत उणे 20 अंशांच्या खोलीत करवतीने चिरतात आणि बुडबुड्यांत अडकलेल्या जुन्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. 'आइस कोर'ला मी 'बर्फाचा गाभा' लिहिलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, गाभा काढला तर सोपटं कुठे टाकली?" मला उत्तर देता आलं नाही. आमच्याकडे घड उतरवल्यावर केळीच्या खोडाची सोपटं सोलत गेलं की शेवटी हाती लागतो तो गाभा. दुसरा शब्द सुचवा.

नाना: मुलीचं बरोबर आहे. गाभा 'गर्भ'वरून आला. गाभण, गाभारा त्याच घरचे. गाभा म्हणजे सगळ्यांत आतलं. हा दंडगोल तर यंदाच्या हिमापासून थेट खालपर्यंत जातो. अंटार्क्टिकातल्या डोम सी इथला तीन किलोमीटरहून लांब आहे, आठ लाख वर्षांचा. 'हिमस्तंभ' म्हणा.

जुना ओव्हरसियर: नाना, स्तंभ उभारतात, हा उपसून काढतात. धरणाच्या पायाची तपासणी करताना आम्ही खडकाचा 'कोर' काढायचो, मजूरही कोरच म्हणायचे. लाकडी पेटीत ओळीने मांडायचा आणि खोली रंगाने लिहायची. वरचं टोक कुठलं हे चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. ताई, सरळ 'कोर' लिहा. कोरून काढला तो कोर, मराठीच झाला की!

नाना: अप्पा, ही व्युत्पत्ती ओढून आणलेली आहे. मराठीत कोर म्हणजे कड. चंद्रकोर, भाकरीची कोर. अर्थ नेमका उलटा होतो.

ऊसवाली: 'कांडं' का नको? वाहतुकीसाठी त्याचे तुकडेच करतात. उसाला पेरं तसे याला वर्षावर्षाचे थर.

तापीकाठ: कांडं छान आहे, पण मुलं 'कांडी' ऐकतील आणि गारेगार समजतील.

शुद्धलेखन: मुळात 'बर्फ' फारसी आहे. 'हिम' असताना तो कशाला?

जुना ओव्हरसियर: कारण दोन्ही लागतात. हिम पडतं, वरच्या भाराने दाबून बर्फ होतो. कित्येक मीटर, साधारण पन्नास ते शंभर, खोल जाईपर्यंत कणांमधल्या फटींतून हवा ये-जा करते, मग बुडबुडे बंद होतात. म्हणून आतली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा वयाने लहान निघते. दोन्हींना 'हिम' म्हटलंत तर हे मुलांना कसं समजावणार?

धुळेकर: आपल्याकडे बर्फ पडतो कुठे? आपली ती गार. मनी माय म्हने, "गारा पडन्यात." गार आणि गारठा एकच, पण गारगोटीतली गार तीच का?

नाना: तीच असावी, पण खात्री नाही. पांढरी, टणक, चकाकणारी.

ऊसवाली: लहानपणी आम्ही गार विळीवर चिरायचो. आत कांद्यासारखे पदर, एक पांढुरका, एक काचेसारखा. पांढुरक्यात बारीक बुडबुडे असायचे.

तापीकाठ: पत्रक शनिवारी लागतंय. 'बर्फाचं कांडं' पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

धुळेकर: त्या पदरांना तुमच्याकडे काय म्हणत, ऊसवालीताई?