मदत हवी आहे: बोटीच्या बॅटरीत नेमकं किती शिल्लक आहे ते कळेना

नमस्कार मंडळी,

आमचं तरुण मंडळ कोल्हापूरजवळ, चिखली-आंबेवाडीच्या अंगाला. २०१९ च्या महापुरानंतर वर्गणी काढून फायबरची बोट घेतली. पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन, सेल्फ स्टार्ट. बॅटरी एकच, १२ व्होल्ट १०० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती मावतं ते), पाणी घालायची लेड-ॲसिड. तिच्यावर इंजिनचा सेल्फ, सर्चलाइट, लाउडस्पीकर, मोबाइल चार्जिंग आणि बोटीत साचलेलं पाणी उपसणारा ऑटोमॅटिक बिल्ज पंप, एवढा सगळा कुटुंबकबिला.

यंदा एका वायरमनकडून शंटवाला मीटर बसवून घेतला (शंट म्हणजे बॅटरीच्या मायनसच्या वायरीत बसवायची, करंट मोजायची पट्टी). आत किती अँपिअर आले, बाहेर किती गेले, त्याचा हिशोब ठेवून तो टक्के दाखवतो. परवा रात्री नदीवर सराव होता. बोट काठाला लावून माणसं चढवायची-उतरवायची, त्यामुळं इंजिन बहुतेक वेळ बंद. निघताना मीटर १०० टक्के. परत फिरताना मीटर म्हणतोय ७२ आणि सर्चलाइट पिवळा पडलेला! सेल्फ मारला तर नुसती टकटक. शेवटी दोरी ओढून इंजिन चालू केलं. रात्रभर बॅटरी तशीच ठेवून सकाळी मल्टिमीटर लावला, १२.०५ व्होल्ट. मीटर आपला ७१ वर ठाम.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की बोट बाहेर काढायची असं ठरलेलं आहे. म्हणजे हातात वेळ थोडा. मीटर खोटा की बॅटरी गेली, हे कसं ओळखायचं? रात्री बोटीवर जो पोरगा असेल त्याला इलेक्ट्रिकलमधलं काही कळत नाही. त्यानं एका आकड्यावर विश्वास ठेवावा असा आकडा पाहिजे.

प्रतिसाद – घाटावरचा

मीटरबिटर काढा. साधा व्होल्टमीटर लावा, विषय संपला. १२.७ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी.

धागाकर्ता

दादा, ते आकडे बॅटरी निवांत पडून असतानाचे. सर्चलाइट चालू असताना व्होल्टेज खाली येतं, बंद केला की वर चढतं. आणि चार्जर काढल्या काढल्या बघितलं तर मेलेली बॅटरीसुद्धा १३ दाखवते. पुरात बॅटरीला चार-पाच तास झोपवून मग मोजायचं कधी?

प्रतिसाद – उद्यमनगरकर

बॅटरीचंच काम करतो म्हणून सांगतो. १२.०५ म्हणजे जेमतेम पाव भरलेली. मीटरचा हिशोब चुकलाय हे नक्की, कुठं ते शोधायचं. दोन गोष्टी सांगा. मीटर बसवून १०० टक्क्यांवर सेट केला त्या दिवशी बॅटरी खरंच फुल होती का? आणि बॅटरीच्या मायनसला किती वायरी आहेत?

धागाकर्ता

बॅटरी दिवाळीपासून मंडळाच्या हॉलमध्ये पडून होती. मीटर बसवायच्या आधी दुपारी चार्जरला लावली होती, संध्याकाळी काढली.

मायनसला आत्ता जाऊन बघितलं. तीन वायरी आहेत. एक इंजिनची जाड काळी. दुसरी शंटला जाते. तिसरी बारीक, इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, ती हातानं मागं मागं चाचपत गेलो तर बिल्ज पंपाला पोचली.

प्रतिसाद – मिरकरवाडा

सापडला की चोर. शंट फक्त त्याच्यातून जाणारा करंट मोजतो. पंप थेट बॅटरीवर आहे, म्हणजे तो रात्रभर चालला तरी मीटरला पत्ता नाही. आता वायरमनची बाजूही सांगतो. बिल्ज पंप मेन स्विचच्या आधी घेतात ते बरोबरच आहे, मेन स्विच बंद असला तरी बोटीतलं पाणी उपसलं गेलं पाहिजे. पण ती गोष्ट प्लसची. प्लस थेट बॅटरीवरून फ्यूज टाकून घ्या आणि मायनस शंटच्या लोडकडच्या, म्हणजे बॅटरीच्या उलट बाजूच्या बोल्टला आणा. बॅटरीच्या मायनसला शंटशिवाय काहीही नको.

इंजिनचं मात्र जरा निराळं. शंट १०० अँपिअरचा असेल तर सेल्फचा झटका त्याला झेपणार नाही, म्हणून त्यानं ती वायर बाहेर ठेवली असणार. पण मग इंजिन बॅटरीत जे काही थोडंफार भरतं तेही मीटरला दिसत नाही. एक तर ५०० चा शंट घ्या, नाहीतर माझं ऐकाल तर इंजिनला वेगळी छोटी बॅटरी द्या. इंजिन तिलाच चार्ज करेल. मोठी बॅटरी फक्त लाइट, पंप, स्पीकरला, आणि तिचं चार्जिंग हॉलवरच्या चार्जरनं, तेही शंटमधून. हिशोब एकदम सरळ. शिवाय लाइट लावून लावून बॅटरी बसली तरी इंजिन चालू होतं. समुद्रात आम्ही हे आधी बघतो, टक्के नंतर.

प्रतिसाद – वॉटमीटर

लिथियम फॉस्फेट घ्या ना, वजनाला निम्मी.

प्रतिसाद – मिरकरवाडा

घेऊ देत की, पण मीटरची कटकट सुटत नाही, उलट वाढते. तिचं व्होल्टेज ७० टक्क्यांना आणि ३० टक्क्यांना जवळपास तेच, १३.२ च्या आसपास. आणि संपली की बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट, खटकन तोडतो, लाइट पिवळा पडायची सूचनासुद्धा नाही.

प्रतिसाद – उद्यमनगरकर

वायरिंग झालं तरी एक राहिलंच. पडून पडून बॅटरी आतल्या आत उतरते, ते कुठल्याच शंटला दिसत नाही. आणि दुपारच्या चार्जिंगवर बॅटरी फुल होत नसते. शेवटचा टप्पा हळूहळूच भरतो, पूर्ण रात्र द्या. हॉलची खिडकी उघडी ठेवा, गॅस निघतो. मग हायड्रोमीटरनं सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता, बघा. १२६० (म्हणजे १.२६०) च्या आसपास हवी. तेव्हाच मीटर १०० वर आणा.

धागाकर्ता

पंपाची मायनस शंटवर घेतली. रात्रभर चार्ज केलं. पाच सेल १२५५ ते १२६५, प्लसकडून दुसरा मात्र १२१०.

प्रतिसाद – उद्यमनगरकर

तो सेल मार खातोय. म्हणजे १०० एएचची बॅटरी आता १०० ची राहिलेली नाही, आणि मीटरमध्ये १०० भरलेत, तिथंही टक्के फुगतात. अजून एक रात्र बारीक करंटवर चार्ज करा. नाही वर आला तर गाडीच्या हेडलाइटचा ६० वॉटचा बल्ब लावा, साधारण ५ अँपिअर घेतो. १०० एएच हा आकडा २० तासांच्या हिशोबानं छापलेला असतो, म्हणजे ५ अँपिअरचाच. बल्ब १० तास चालवून बंद करा, पाच-सहा तास थांबा आणि ग्रॅव्हिटी बघा. ११९० ते १२०० आली तर बॅटरी ठीक. त्या सेलची ११५० च्या खाली गेली तर बदला. पुराच्या बोटीवर असली बॅटरी नको, घरी इन्व्हर्टरला लावा हवी तर.

धागाकर्ता

बल्ब आज सकाळी सहाला लावलाय. संध्याकाळी चारला काढतो, रात्री ग्रॅव्हिटी टाकतो. पोरांना सांगून ठेवलंय, मीटर ५० च्या खाली गेला की स्पीकर बंद, लाइट गरजेपुरता. इंजिनची छोटी बॅटरी किती एएचची घेऊ?

प्रतिसाद – मिरकरवाडा

३५ ची कारची बहुतेक पुरेल. तरी इंजिनच्या पुस्तकात क्रँकिंगचा, म्हणजे सेल्फ मारायला लागणाऱ्या करंटचा, आकडा दिलेला असतो, तो दुकानात दाखवून घ्या. आणि बोटीत दोन्ही बॅटऱ्या पट्ट्यानं आवळून बांधा.