मदत हवी आहे : प्रीअ‍ॅम्प लावल्यावर ट्यूब अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम बायपास करावा का?

नमस्कार मंडळी. माझा ट्यूब अ‍ॅम्प (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर) ईएल३४ पुश-पुलचा आहे, म्हणजे आउटपुटला ईएल३४ ट्यूब जोडीने आळीपाळीने काम करतात. इनपुटला १०० किलोओमचा लॉग पॉट (व्हॉल्यूमची फिरती नॉब) आणि त्याचा वायपर, म्हणजे सरकता मधला संपर्क, थेट १२एएक्स७ या पहिल्या ट्यूबच्या ग्रिडवर, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या टोकावर. आता त्याच्या आधी वेगळा प्रीअ‍ॅम्प (स्वतःचा व्हॉल्यूम असलेला, अ‍ॅम्पला सिग्नल देणारा डबा) जोडलाय, म्हणजे एकाच वाटेवर दोन व्हॉल्यूम झाले.

साधा उपाय म्हणजे अ‍ॅम्पचा पॉट पूर्ण उघडा ठेवणे. तसं केलं की वायपर इनपुटलाच जोडला जातो आणि पॉट फक्त १०० किलोओमचा लोड म्हणून उरतो. मग तो काढून नक्की काय साधणार? जुन्या पॉटची खरखर जाईल, एवढंच मला दिसतं. आवाज 'खुलतो' वगैरे दाव्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

तरी पॉट काढून बायपास करायचंच ठरवलं तर ग्रिड लटकता (कशालाच न जोडलेला) ठेवून चालणार नाही, ग्राउंडला रेझिस्टर हवाच. तिथे १०० किलोओमच ठेवू की २२०? माझा प्रीअ‍ॅम्पही ट्यूबचाच, आउटपुटला कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) असलेला, त्यामुळे जास्त किंमत बरी वाटते. पण त्याने हम (विजेची घूं-घूं) वाढेल का?

दुसरी शंका गेनची, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो त्याची. अ‍ॅम्प पूर्ण उघडा असला की प्रीअ‍ॅम्पची नॉब जेमतेम हलवली तरी घर दणाणतं. अशा वेळी पॉट तसाच ठेवून अर्ध्यावर लावणं जास्त शहाणपणाचं नाही का?

आत ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो, कपॅसिटर डिस्चार्ज करूनच हात घालणार आहे, त्यामुळे ती काळजी नको. कुणी प्रत्यक्ष हा बदल केला असेल तर कृपया सांगा.