जीज बेंडच्या गोधड्या: नाव दिलं, मग हिस्सा का नाही?

उसवण
अमेरिकेत अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड नावाचं एक गाव आहे. कागदोपत्री नाव बॉयकिन. तीन बाजूंनी पाणी. १८१६ साली जोसेफ जी याने तिथे गुलामांकडून कापसाचा मळा उभा केला, १८४५ मध्ये तो मार्क पेटवेकडे गेला. गावात आजही घरोघरी आडनाव पेटवे, म्हणजे मालकाचं.

या गावातल्या काळ्या बायका पिढ्यान् पिढ्या गोधड्या शिवत आल्या. शेतातल्या कामाच्या विटक्या पँटी, पिठाची पोती, जे हाताशी असेल त्याच्या. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या.

आता मुद्द्याचं. २०२४ च्या फेब्रुवारीत, कृष्णवर्णीय इतिहास महिन्याच्या निमित्ताने, टार्गेट या दुकानसाखळीने गावातल्या पाच जणींच्या कामावरून कपडे आणि घरसामान काढलं. त्यांची नावं दिली, फोटो लावले. बऱ्याच दुकानांत माल संपला. बायकांना मिळाली ठोक रक्कम, विक्रीतला हिस्सा नाही. मला हे पटत नाही. ज्यांच्या नावावर वस्तू खपते, त्यांना नगामागे पैसे मिळायलाच हवेत.

हिशेबनीस
उसवण, कळकळ समजली, पण मी विरोधात आहे. माल पडून राहिला असता तर नुकसान दुकानाचं होतं, बायकांचे पैसे आधीच हातात आले होते. छोट्या कारागिराला असा करार पुष्कळदा बरा पडतो.

आणि या बायकांना भाबडं समजू नका. २००७ मध्ये गावातल्या तिघी जणी त्यांच्या गोधड्या जगापुढे आणणाऱ्या संग्राहकाविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. २००८ मध्ये तडजोड झाली. करार म्हणजे काय हे त्या गावाला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०२१ पासून तिथल्या बायकांची एट्सीवर, म्हणजे हातच्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारावर, स्वतःची दुकानं आहेत, किंमत त्या स्वतः लावतात. ज्याने फेब्रुवारीत ते नाव पहिल्यांदा वाचलं, तोच उद्या तिथे खरी गोधडी शोधत येईल.

वाकळ
पैशाचं तुम्ही दोघं बघा. मला त्या वस्तूबद्दल बोलायचंय. मी साताऱ्याकडची, आईच्या हातच्या वाकळेत वाढले.

जीज बेंडच्या जुन्या गोधड्यांचे फोटो मी तासन् तास पाहिलेत. कामाच्या निळ्या पँटीचा पाय उसवून पट्टी केलेली असते. गुडघ्याशी रंग उडून पांढुरका झालेला, आणि जिथला खिसा काढला तिथे मूळचा गर्द निळा चौकोन तसाच. तो माणूस किती वर्षं उन्हात राबला ते त्या चौकोनावरून कळतं. मिझूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण म्हणून, आणि तीच अंगावर घेऊन निजता यावं म्हणून. माझ्या आईने आजोबांच्या धोतराचं अस्तर लावलं होतं, ते का, हे मला इथे अलाबामाची गोष्ट वाचताना उमगलं.

'हाउसटॉप' नावाची त्यांची पद्धत बघा. मधे एक तुकडा आणि भोवती पट्ट्यांचे चौकोन, वरून घराचं छप्पर पाहावं तसे. एका बाजूची पट्टी रुंद, दुसरीकडची अरुंद, कारण तिथे कापड संपलं. तेच डिझाइन यंत्रावर शंभरदा उमटवलं की त्यातलं 'कापड संपलं' हे निघूनच जातं. अशा मालाला त्यांचं नाव लावूच नये. हिस्सा मिळाला तरी लावू नये.

पाणंद
वाकळताई, तुमचं वाचून भरून आलं, तरी शेवटचं वाक्य मान्य नाही. माझं सासर हल्याळचं, उत्तर कन्नड जिल्ह्यातलं. आमच्याकडे सिद्दी लोक आहेत, आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे वंशज, त्यांतले कितीतरी कोकणी बोलणारे. त्यांच्या बायका गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. जुनं लुगडं खाली पसरायचं आणि कडेपासून धावदोरा घालत, ठिगळं जोडत आत आत मध्यापर्यंत यायचं. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावल्याशिवाय कवंदी पुरी होत नाही. सासूबाईंच्या शेजारणीने माझ्या मुलासाठी एक शिवली होती. दुपारी भांडी आवरली की ती ओसरीवर बसायची, आणि कुठला तुकडा कुणाच्या झंपरचा ते मला सांगायची.

या बायकांची २००४ मध्ये सहकारी संस्था झाली. २०११ मध्ये त्यांच्या कवंद्या न्यूयॉर्कला हार्लेममधल्या शोम्बर्ग या कृष्णवर्णीय संस्कृतीच्या केंद्रात मांडल्या गेल्या. विकायला शिवलेली कवंदीही त्याच हातांची, त्याच टाक्यांची असते. पोटासाठी शिवलं म्हणून ती खोटी होत नाही. गरिबाची कला शुद्ध राहावी असं दुरून म्हणणं सोपं असतं.

हिशेबनीस
पाणंद, अगदी हेच. आणि वाकळ, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. १९७२ मध्ये सियर्स या बड्या कंपनीने तिथल्या बायकांच्या 'फ्रीडम क्विल्टिंग बी' या सहकारी संस्थेला कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम दिलं. मापं ठरलेली, सगळं एकसारखं. पण उरलेल्या चिंध्या बायकांनी घरी नेल्या, आणि त्यांतून झालेल्या विटकरी, मोरपंखी, सोनेरी गोधड्या आज संग्रहालयांत आहेत. दुकानाच्या कामानेच त्यांना कापड दिलं.

वाकळ
हे माहीत नव्हतं. पण मग फरकही बघा ना. अभ्रे शिवले त्यांच्याच हातांनी, चिंधी आली त्यांच्याच घरात. कारखान्यात निघालेल्या मालाची चिंधी या पाच जणींकडे येत नाही.

उसवण
वाकळताईंनी नेमकं बोट ठेवलं. हिशेबनीस, तुम्ही बीचं नाव काढलंत तर तीच गोष्ट पुरी सांगतो. ती १९६६ मध्ये निघाली. त्याआधी १९६२ मध्ये नदीवरची फेरीबोट बंद केली होती, कारण गावातले काळे लोक पलीकडे कॅम्डेनला जाऊन मतदार म्हणून नाव नोंदवायला लागले होते. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडलं. नाव नोंदवलं म्हणून कित्येकांना राहत्या घरातून काढलं गेलं. तशा दिवसांत या बायकांनी संस्था काढली, गोधड्या न्यूयॉर्कला लिलावाला पाठवल्या आणि आलेले पैसे आपसात न्यायाने वाटले. साठ वर्षांपूर्वी ज्यांना वाटा कसा करायचा हे कळत होतं, त्यांच्याच लेकी-नातींना आज ठोक रक्कम पुरेशी आहे, हे मी मानणार नाही.

धोका दुकानाने घेतला म्हणता. कापडाचा घेतला असेल. पण गावाचं नाव शे-दीडशे वर्षांच्या हातकामातून झालंय, ते स्वस्त मालाशी जोडलं गेलं तर झीज कुणाची? करारावर सह्या झाल्या हे खरं. एकट्या बाईसमोर एवढी मोठी कंपनी असते तेव्हा सही कशी होते हेही आपण जाणतो. प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने २०२५ मध्ये मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपण सगळे एका सुरात पेटलो होतो. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन होतं, म्हणजे त्या भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, म्हणून निदान बोलायला जागा होती.

पाणंद, विकू नये असं मी म्हणतच नाही. वाकळताईंचं 'नाव लावूच नये' मलाही टोकाचं वाटतं. ठोक रक्कम घ्यावी, आणि विक्री ठरावीक आकड्यापुढे गेली की नगामागे वेगळे पैसे, एवढी एक ओळ करारात हवी.

हिशेबनीस
ठोक अधिक वरचा हिस्सा, असं असेल तर माझी हरकत नाही. फक्त तो आकडा बायकांनी ठरवावा, दुकानाने नव्हे.

पाणंद
आणि ऑक्टोबरमधलं राहिलंच. २०२२ पासून जीज बेंडमध्ये गोधड्या वाळत घालण्याचा उत्सव होतो. दोऱ्यांवर, कुंपणांवर, ओट्यांवर गोधड्या टांगतात, जग बघायला येतं आणि शिवणारीच्या हातून विकत घेतं. पूर्वी वसंतात पेट्यांतून काढून ऊन दाखवायच्या, त्याचंच हे रूप. आमच्याकडेही कवंद्या अशाच कुंपणावर असतात, पाऊस संपल्यावर.