मदत हवी आहे: संघात येणं सोडलेल्या आजी – एकटेपणा की नैराश्य?

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या एक आजी, वय ७४. दीड वर्षापूर्वी यजमान गेले. जूनमध्ये शेजारची जिवाभावाची मैत्रीण लेकाकडे बंगळुरूला गेली. तेव्हापासून फिरणं, भजन बंद. जेवण कमी, पहाटे तीनला जाग. घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच." मुलगा हिंजवडीला न्यायचं म्हणतोय. भेटणारी माणसं वाढवून फरक पडेल का?

प्रतिसाद १
नुसती माणसं वाढवून नाही. वरवरच्या ओळखी उतारवयात माणूस आपणहूनच कमी करतो, त्यानं सहसा बिघडत नाही. मनातलं बोलायची दोन-तीनच माणसं असतात, त्यातलं एक गेलं की फार लागतं. इथे दोन गेली.

उलटंही होतं: नैराश्यात माणूस फोन उचलत नाही, मग फोन यायचेच थांबतात. म्हणून आधी काय बंद झालं ते विचारा. ऐकू कमी येतंय का, तेही बघा. त्यानंही माणसं चारचौघांत जाणं टाळतात.

मोजायचंच तर लुबेन यांची सहा प्रश्नांची मापनी घ्या. महिन्यातून एकदा तरी संपर्क होणारे, मोकळेपणानं बोलता येईल असे आणि अडीनडीला हाक मारता येईल असे नातेवाईक किती. मग तेच मित्रमैत्रिणींबद्दल. एकूण गुण ३०, १२ पेक्षा कमी म्हणजे एकटं पडण्याचा धोका.

प्रतिसाद २
भूक-झोपेची तक्रार आहे, तेव्हा डॉक्टरांना दाखवाच. ज्येष्ठांसाठीची नैराश्याची १५ हो-नाही प्रश्नांची चाचणी (जीडीएस) असते. ५ किंवा जास्त गुण आले तर नीट तपासणी हवी. नुसत्या गुणांवर निदान होत नाही. सोबत रक्ततपासणी: टीएसएच (थायरॉईडसाठी), बी १२, हिमोग्लोबिन, सोडियम. नैराश्याच्या काही गोळ्यांनी या वयात सोडियम उतरतं. गोंधळल्यासारखं झालं, तोल गेला तर लगेच कळवा. गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, मधेच गोळी सोडू देऊ नका.

"जगून काय करू" असं बोलल्या तर एकटं ठेवू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस १४४१६, मोफत, चोवीस तास.

धागाकर्ती
आणि हिंजवडी?

प्रतिसाद १
त्यांनाच विचारून ठरवा. अकराव्या मजल्यावर दिवसभर बंद दार असेल, तर इथली उरलेली माणसंही तुटतील. आधी महिनाभर राहून बघू दे, घर मोडू नका. बंगळुरूच्या मैत्रिणीशी बोलायची रोजची वेळ ठरवा, फोन लावून हातात द्या. भजनाला "या हं" म्हणू नका. कुणीतरी घरी जाऊन सोबत आणा, पहिल्या दिवशी अर्धाच तास.